पानगळीतला सातपुडा : शहादा, तोरणमाळ आणि रान पिंगळा

उत्तरेकडे फिरायला जायचं म्हटलं की आमच्या धुळ्यात लोकांना एकदम मनाली, शिमला नाहीतर वैष्णोदेवीच आठवते. आपल्याच उत्तरेला, तापी ओलांडली की दोन तासांच्या आत सातपुडा उभा आहे, तिकडे जायचं म्हटलं तर लोक विचारतात "पावसाळ्यात जा ना भो, आता काय शे तथा, सगळं वाळेल जंगल". हे वाळलेलं जंगल बघायलाच आम्ही मुद्दाम फेब्रुवारीत गेलो, कारण पुतण्याने डोक्यात भरवलं होतं की रान पिंगळा, म्हणजे इथलं एक दुर्मिळ छोटं घुबड, बघायचा असेल तर पानगळ झालेलीच बरी. मी, बायको, आप्पा म्हणजे माझे मोठे भाऊ, वहिनी आणि हा कॉलेजातला पुतण्या, एवढेच जण होतो. महाशिवरात्रीच्या यात्रेला अजून वेळ होता त्यामुळे तोरणमाळला, म्हणजे सातपुड्याच्या माथ्यावरच्या थंड हवेच्या ठिकाणी, गर्दी नसणार हे माहीत होतं.

दिवस पहिला : धुळे ते शहादा

जेवण करून दुपारी निघालो. सोनगीर, चिमठाणे, दोंडाईचा हा नेहमीचा रस्ता. सोनगीरला वहिनींना पितळेचं पातेलं बघायचं होतं, तिथली तांब्यापितळेची भांडी जुन्या काळापासून प्रसिद्ध आहेत, त्यात अर्धा तास गेला पण पातेलं खरंच चांगलं मिळालं. दोंडाईच्याच्या आसपास मिरचीच्या पथाऱ्या लागल्या, मैदानभर लाल मिरची पसरलेली, गाडीच्या काचा बंद असूनही नाकाला झोंबते.

सारंगखेड्याला तापी ओलांडली. दत्तजयंतीच्या यात्रेत इथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो, कुठून कुठून घोडे येतात, आता मात्र सगळं शांत होतं, एकमुखी दत्ताचं दर्शन निवांत झालं. बॅरेजमुळे नदीत पाणी भरपूर होतं. पुलापलीकडे केळी, पपई, ऊस असा हिरवागार पट्टा सुरू होतो, आणि त्या हिरव्याच्या मागे लांबवर निळसर रेघ दिसते तो सातपुडा. आप्पा म्हणाले की लहानपणी ही रेघ एवढी फिकट नव्हती, तेव्हा धूळ आणि धूर कमी होता म्हणून ती ठसठशीत दिसायची.

शहाद्याला मुक्काम. जंगलात पायी जायचं तर वनखात्याला विचारून जावं म्हणून पुतण्याने आधीच चौकशी करून ठेवली होती, पायथ्याच्या एका पाड्यावरचा पावरा समाजातला एक तरुण सोबत येणार होता. रात्री शेवभाजी, भाकरी, कांदा. शेवभाजी अशी तिखट की बायकोने दोनदा ताक मागवलं. सकाळी लवकर निघायचं म्हणून सगळे नऊलाच झोपले.

दिवस दुसरा : पायथ्याचं जंगल आणि तोरणमाळ

अंधारातच निघालो. शहाद्याच्या उत्तरेला थोडं पुढे गेलं की शेतं कमी होतात, रस्ता चढायला लागतो आणि थंडी एकदम वाढते. आमचा सोबती पाड्याच्या तोंडाशीच शेकोटीजवळ उभा होता. नमस्कार-चमत्कार झाले, त्याच्या आईने विचारलं "चाय लेतस का?" आणि उत्तराची वाट न बघता काळा चहा पुढे केला. घर बघण्यासारखं होतं, सागाच्या मेढी, बांबूच्या कुडाच्या भिंती, वर कौलं, आत मक्याची कणसं टांगलेली. शेजारी मोहाचं मोठं झाड, त्याखालची जमीन आधीच झाडून साफ केलेली, कारण मार्चमध्ये फुलं पडायला लागली की पहाटे उठून वेचायची असतात. इकडे मोहाचं कोणतं झाड कोणत्या घरचं हे ठरलेलं असतं, दुसरा कुणी त्याखालची फुलं उचलत नाही.

उजाडलं तसे चालायला लागलो. सुरुवातीला सगळा साग. पानं जवळजवळ सगळी खाली, पायाखाली नुसता कर्रकर्र आवाज. सोबत्याने पहिल्या पाच मिनिटांतच सांगितलं की असं चालाल तर काहीच दिसायचं नाही, वाट जिथे मोकळी आहे तिथूनच या, पानांवर पाय टाकायचा तर सरळ दाबून ठेवा, घासू नका. आप्पांना ते लगेच जमलं, मग आम्ही सगळे त्यांच्या मागे एका ओळीत.

हे जंगल बघायची एक पद्धत आहे असं मला वाटतं. पावसाळ्यात आलं की हिरवं, धुकं, धबधबे, फोटो छान येतात, पण झाड कोणतं आणि डोंगर कसा ते काहीच कळत नाही. आता पानं नव्हती तर डोंगराची सगळी हाडं दिसत होती, काळ्या दगडाचे थर, त्यातून फुटलेली सलई, तिची ती कागदासारखी सुटणारी साल. पांढऱ्या खोडाचा धावडा. टेंभुर्णी, जिच्या पानांच्या बिड्या होतात. चारोळीची झाडं. आणि अंजन. अंजन हे आमच्या खानदेशचं खास झाड, खडकात, जिथे दुसरं काही टिकत नाही तिथे उभं राहतं, पान आपट्यासारखं दुभंगलेलं पण लहान, आणि लाकूड इतकं जड की पाण्यात टाकलं तर सरळ बुडतं. सोबती म्हणाला की दुष्काळात गुरांना याचाच पाला. मधेच एखादा पळस फुललेला, त्या सगळ्या तपकिरी रंगात तो इतका भडक दिसतो की वहिनी प्रत्येक पळसापाशी थांबत होत्या. काटेसावरही लालभडक, तिच्यावर मैनांचा आणि टकाचोरांचा गोंधळ चालला होता.

आता रान पिंगळ्याबद्दल सांगतो, कारण सगळी ट्रिप त्याच्यासाठी होती आणि शहाद्याच्या लोकांनासुद्धा ही गोष्ट माहीत नसते याचं मला मनापासून वाईट वाटतं. या घुबडाचं वर्णन ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये पहिल्यांदा केलं, नमुना आजच्या छत्तीसगडमधला होता. त्यानंतर काही वर्षांत डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ते आपल्या खानदेशात मिळालं. १८८४ नंतर मात्र ते कुणालाच दिसलं नाही. जगातल्या सगळ्या संग्रहालयांत मिळून सात नमुने, तेवढाच पुरावा. मधे मायनर्ट्‌झहागेन नावाच्या एका ब्रिटिश माणसाने दावा केला होता की त्याला १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ हा पक्षी मिळाला, आणि त्याच्या भरवशावर लोक भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. पुढे अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी ते नमुने नीट तपासले आणि लक्षात आलं की तो नमुना दुसऱ्याचा चोरून, नव्याने भरून, खोटी चिठ्ठी लावलेला आहे. म्हणजे तो पुरावा बाद. मग त्यांनी जुन्या खऱ्या नमुन्यांवरची गावं धरून शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासोबत, शहाद्याजवळच्या या पायथ्याच्या जंगलात त्यांना जिवंत रान पिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! जगाने संपला म्हणून सोडून दिलेला पक्षी आमच्या शहाद्याच्या सागवनात दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला होता. नंतर तो मेळघाटात, यावलकडे, मध्य प्रदेशात आणि थेट ठाण्याच्या तानसा जंगलातही सापडला, पण पुन्हा सापडल्याचा पहिला मान आपल्याकडचाच. पुतण्याने ही गोष्ट चालता चालता हळू आवाजात सांगितली आणि सोबती मधेच म्हणाला की आमच्या म्हाताऱ्यांना तो कधी हरवलेला वाटलाच नाही, ते रोजच बघत होते, त्यांना विचारायला कुणी आलं नव्हतं. हे वाक्य माझ्या डोक्यातून दिवसभर गेलं नाही.

दीड-दोन तास चाललो असू. एक कोरडा नाला ओलांडला, पलीकडे उतारावर विरळ साग आणि सलई. सोबत्याने हात वर करून थांबवलं. मला तर फांदीचं बुटूक वाटत होतं. दुर्बीण लावली तर बुटकाने मान फिरवली. पुतण्या थरथरत होता अक्षरशः, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मी आधी विचारलं की हा आपला घराजवळचा साधा पिंगळा कशावरून नाही, तर त्याने एकेक खूण दाखवली. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर असतात, याच्या डोक्यावर जवळजवळ नाहीत. छातीवर गडद तपकिरी पट्टा आणि खाली पोट एकदम पांढरंस्वच्छ. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. चोच आणि नखं अंगाच्या मानाने मोठी, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. आणि मुख्य म्हणजे ऊन चांगलं वर आलेलं असताना हा गडी उघड्या फांदीवर बसून शिकार करत होता, शेपटी एकदा इकडे एकदा तिकडे झटकत. घुबड म्हणजे रात्रीचं हे याला लागू नाही, हा बऱ्यापैकी दिवसाचा आहे. थोड्या वेळाने तो खाली झेपावला, वाळक्या पानांत एक झटापट झाली आणि सरडा घेऊन पुन्हा वर. तेव्हा मला कळलं की पानगळ त्याला का लागते. पानं नाहीत म्हणून वरून जमीन दिसते, आणि खाली वाळका पाला आहे म्हणून सरडा हलला की ऐकू येतं. ज्याला आपण उजाड म्हणतो ते त्याचं भरलेलं ताट आहे.

आम्ही लांबच थांबलो. आप्पांनी मोबाईलवर फोटो काढायला पुढे जायचा विचार केला तर सोबती नको म्हणाला आणि त्याचं बरोबर होतं. हल्ली काही लोक येतात, स्पीकरवर त्याचा आवाज वाजवतात, तो दुसरा पिंगळा आला समजून अंगावर धावून येतो आणि यांना फोटो मिळतो. ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत त्याचा विणीचा काळ, ढोलीत अंडी-पिल्लं असतात, अशा वेळी त्याला खोट्या भांडणात पळवणं मला अजिबात पटत नाही. मुळात उरलेत किती, आणि त्यात जंगल तुटतंय, जुनी ढोलीची झाडं जातायत, घुबडाबद्दलच्या अंधश्रद्धेमुळे लोक मारतात ते वेगळंच. फोटो पाहिजेच असेल तर लांबून, बसून, वाट बघून काढा, नाहीतर नका काढू. पुतण्याने कॅमेऱ्याने लांबून काढले तेवढे पुरे आहेत.

परत येताना नाल्यात जिथे थोडं पाणी साठलेलं होतं तिथे सावलीला बसून खाल्लं. वहिनींनी कळण्याच्या भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि भरीत बांधून आणलं होतं. सोबत्याने पिशवीतून आमचूर काढला, धडगावकडचा, गेल्या उन्हाळ्यातला. ठेच्यात चिमूटभर टाकून खाल्ला तर वेगळीच चव. धडगाव भागात आमचूर घरोघरी होतो, कैऱ्या सोलून फोडी उन्हात वाळवतात आणि बाजारात विकतात. वहिनींनी लगेच दोन किलोची ऑर्डर दिली. पाण्यावर राखी धनेशाची जोडी आली, मोठ्याने ओरडत, आणि समोरच्या वडावर बसली. बायकोला सगळ्या दिवसात हाच पक्षी आवडला, ती म्हणते पिंगळा फार गंभीर आहे.

दुपारी गाडीने वर निघालो. काळापाणी गाव मागे टाकलं की सातपायरी घाट. वळणं अशी आहेत की खालची वळणं एकाखाली एक दिसतात, चालवणाऱ्याने दरीकडे न बघितलेलंच बरं, आप्पांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवली आणि कुणाशी बोलले नाहीत. शहाद्यालाच पेट्रोल भरून घ्या, घाटात नेटवर्क जातं आणि वर मिळेलच असं नाही.

तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. वर गेलं की एकदम सपाटी आणि मधोमध यशवंत तलाव. खालच्या तपकिरी जंगलातून वर आल्यावर ते निळं पाणी बघून सगळ्यांनाच बरं वाटलं. काठाने चालत गेलो. गोरखनाथांच्या मंदिरात फक्त पुजारी आणि दोन कुटुंबं होती, महाशिवरात्रीला इथेच पाय ठेवायला जागा नसते, गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही लोक चालत येतात, हातात झेंडे, अनवाणी. सातपुड्यात नाथपंथाची मुळं किती खोल गेली आहेत ते इथे कळतं. पुढे मच्छिंद्रनाथांची गुहा, पायऱ्या उतरून जावं लागतं. वहिनींचे गुडघे दुखत होते म्हणून त्या आणि बायको वरच बसल्या, आम्ही तिघं उतरलो. गुहा छोटी आहे पण तिथून समोरची दरी जी उघडते ती बघण्यासारखी आहे, एकामागे एक डोंगराच्या घड्या, शेवटची घडी कुठली ते सांगता येत नाही.

सीताखाईला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. पावसाळ्यात तलावाचं पाणी ओव्हरफ्लो होऊन इथून कोसळतं, आता कड्यावरून ओलसर रेघ तेवढी होती. पॉइंटवर एक ग्रुप आला होता, त्यातला एकजण म्हणाला "पाणीच नाही, काय बघायचं", आणि पाच मिनिटांत सेल्फी काढून सगळे गेलेसुद्धा. मला तर उलट वाटलं, पाणी नव्हतं म्हणून कडा दिसत होता, लाव्ह्याचे आडवे थर एकावर एक मोजता येतील इतके स्पष्ट. आप्पा, जे भूगोल शिकवून रिटायर झाले, त्यांनी पुतण्याला तिथेच सांगितलं की ही धार म्हणजे पाणलोटाची रेघ आहे, दक्षिणेकडे पडलेला पाऊस तापीला जातो आणि उत्तरेकडचा नर्मदेला. दोन्ही नद्या पश्चिमेला समुद्राला मिळतात, पण मधे हा डोंगर असल्यामुळे आयुष्यभर एकमेकींना भेटत नाहीत. आप्पा असं काही सांगायला लागले की त्यांना कुणी थांबवू नये.

रात्री वर चांगलीच थंडी. मुक्कामाच्या ठिकाणी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून उडदाची डाळ आणि मक्याची भाकरी मिळाली. न सांगता गेलात तर रात्री जेवायला मिळायची खात्री नाही, हे लक्षात ठेवा. पुतण्या दिवसभराची पक्ष्यांची यादी लिहीत बसला, आम्ही शेकोटी केली.

दिवस तिसरा : तोरणमाळ, प्रकाशा, नंदुरबार

सकाळी कमळ तलावावर गेलो, पानांनी भरलेला. नंतर घाट उतरलो, पाड्यावर थांबून सोबत्याचे ठरलेले पैसे आणि आमचुराचे पैसे दिले. त्याच्या आईने विचारलं "दिखना का तुमले?" दिखना म्हटल्यावर त्या जेवढ्या खूश झाल्या तेवढा तर पुतण्याही झाला नव्हता. पैशांच्या बाबतीत एक सांगतो, जंगलात न्यायला पाड्यावरचाच माणूस घ्या आणि त्याच्याशी घासाघीस करू नका. त्या झाडाला पिंगळा आहे म्हणून चार लोक येतात आणि घरात चार पैसे येतात हे कळलं की ढोलीचं झाड कुऱ्हाडीपासून वाचायची शक्यता वाढते, माझा तरी यावर विश्वास आहे.

दुपारी प्रकाशाला. तापी आणि गोमाईचा संगम, केदारेश्वराचं मंदिर, घाट, लोक याला दक्षिण काशी म्हणतात. गावाजवळच्या टेकाडावर १९५५ मध्ये बा. कृ. थापर यांनी उत्खनन केलं होतं आणि ताम्रपाषाण काळातली वस्ती निघाली, म्हणजे साडेतीन हजार वर्षांहून जुनी. बायकोला हे ठिकाण फार आवडलं, घाटावर पाय सोडून आम्ही दोघं बराच वेळ बसलो.

नंदुरबारला माणिक चौकात शिरीषकुमारच्या स्मारकापाशी थांबलो. ९ सप्टेंबर १९४२ ला शाळकरी पोरांच्या मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यात शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गेले. आप्पांनी चप्पल काढून नमस्कार केला, आम्हीही केला. मग वर्षभराची लाल मिरची घेतली आणि गाडीची डिकी आमचूर, मिरची आणि सोनगीरच्या पातेल्याने भरली.

तुम्ही जाणार असाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी अखेर हे दिवस धरा. मार्चनंतर ऊन वाढतं, वणव्यांचा काळ येतो, आणि मोह वेचायच्या दिवसांत पाड्यावरच्या माणसांना सोबत यायला सवडही नसते. मळकट रंगाचे कपडे, पाणी भरपूर, रोख पैसे आणि दुर्बीण. स्पीकर घरीच ठेवा.